अंधाराची वर्दी : पीनियल ग्रंथी आणि मेलाटोनिन

मागच्या कोजागरीला गच्चीवर दूध आटत होते आणि आम्हा ज्येष्ठांच्या घोळक्यात विषय निघाला झोपेचा. एकाला रात्री दोनला जाग येते ती येतेच. दुसऱ्याचा बारा वाजले तरी डोळा लागत नाही. तेवढ्यात एका स्नेह्यांनी पिशवीतून बाटली काढली. "मेलाटोनिन आहे, मुलाने अमेरिकेहून पाठवलंय. नैसर्गिक असतं, काही होत नाही. घेऊन बघा." कार्यक्रम संपेपर्यंत चार-चार गोळ्यांच्या पुड्या तिघांच्या खिशात गेल्या होत्या. त्यांतले एक आम्ही.

आयुष्यभर बारीक अक्षर वाचल्याशिवाय कशावर सही केली नाही, मग गोळी तरी तशीच कशी गिळावी? म्हणून आम्ही वाचायला बसलो. जे समजले ते सभासदांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

तांदळाच्या दाण्याएवढी ग्रंथी

मेलाटोनिन आपल्या शरीरातच तयार होते, मुख्यतः पीनियल ग्रंथीत. ही ग्रंथी मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मध्ये, खोल आत असते. आकार तांदळाच्या दाण्याएवढा आणि वजन साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम. दिसायला पाइन झाडाच्या फळासारखी, म्हणून हे नाव. मेंदूचे बहुतेक भाग जोडीने असतात, ही मात्र एकटीच. त्यामुळे सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी आत्म्याचे ठाणे इथेच असावे असे मानले होते.

मराठीत हिला 'तृतीय नेत्र पिंड' असेही म्हणतात. त्यामागे प्राणिशास्त्रातला आधार आहे. मासे आणि बेडूक यांच्या पीनियलला थेट प्रकाश कळतो. न्यूझीलंडमधील तुआतारा या सरड्यासारख्या प्राण्याच्या डोक्यावर तर याच भागाशी जोडलेला, भिंग असलेला तिसरा डोळा असतो. माणसाच्या पीनियलला मात्र स्वतःला काही दिसत नाही. तिला उजेड-अंधाराची बातमी आपल्या दोन डोळ्यांकडूनच मिळते.

मेलाटोनिनचा शोध लागला तो झोपेच्या नव्हे, त्वचेच्या संशोधनातून. पीनियलचा अर्क दिला की बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकी पडते, हे १९१७ साली दिसून आले होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी गुरांच्या हजारो पीनियल ग्रंथींमधून ते द्रव्य वेगळे काढले आणि १९५८ साली त्याला मेलाटोनिन हे नाव दिले. माणसाच्या कातडीवर त्याचा तसा परिणाम होत नाही. त्याचे खरे काम पुढे कळले.

निरोप कसा पोहोचतो

डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, तिथे अगदी वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. हे शरीराचे मुख्य घड्याळ. माणसात ते चोवीस तासांपेक्षा थोडे हळू चालते, म्हणून त्याला रोज उजेडावर लावून घ्यावे लागते. घड्याळाचा निरोप पीनियलकडे जातो तो आडवळणाने : मेंदूतून मज्जारज्जूत उतरतो, मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठीपर्यंत येतो आणि तिथून पुन्हा वर चढतो. म्हणूनच मानेशी मज्जारज्जू पूर्ण दुखावला तर रात्रीचे मेलाटोनिन जवळजवळ थांबते.

दिवसा हे घड्याळ पीनियलला गप्प बसवते. अंधार पडला की निरोप सुटतो आणि पीनियल सेरोटोनिनपासून मेलाटोनिन बनवू लागते. सेरोटोनिन बनते ट्रिप्टोफॅनपासून, आणि ते आपल्याला दूध, डाळी, शेंगदाणे अशा अन्नातून मिळते. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी साधारण दोन तास रक्तातले मेलाटोनिन वाढू लागते, रात्री दोन ते चारच्या सुमारास सर्वांत जास्त होते आणि सकाळी उतरते.

आता मुद्द्याची गोष्ट. उंदीर रात्रभर हुंदडतो आणि दिवसा झोपतो, पण त्याचेही मेलाटोनिन रात्रीच वाढते. म्हणजे मेलाटोनिन ही झोप नव्हे. 'बाहेर रात्र झाली' एवढी वर्दी ते प्रत्येक अवयवाला देते, आणि ज्याने त्याने आपल्या स्वभावानुसार वागायचे. माणसाने झोपायचे, उंदराने उठायचे. म्हशीसारखी जनावरे तर रात्रीची लांबी त्यावरूनच ओळखतात आणि दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात.

बँकेत दिवसअखेरीची वेळ झाली म्हणून काउंटरवरची माणसे त्या क्षणी घरी जात नाहीत. नवे व्हाउचर घेणे थांबते, हिशेब जुळवायला घेतात, मग दिवे जातात. मेलाटोनिनचे काम असेच.

वर्दी चुकते कुठे

घरातल्या दिव्यांनी ही वर्दी अडते. तेज प्रकाशाने माणसाचे रात्रीचे मेलाटोनिन दबते हे १९८० साली आल्फ्रेड लेवी व सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांनी वापरलेला प्रकाश २,५०० लक्स होता. पुढे कळले की घरातल्या नेहमीच्या उजेडानेही परिणाम होतो. २००२ साली डोळ्याच्या पडद्यात प्रकाश ओळखणाऱ्या वेगळ्याच पेशी सापडल्या. त्यांचे काम चित्र दिसण्यापेक्षा घड्याळाला उजेडाची खबर देण्याचे आहे, आणि निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त जागतात. पांढरे एलईडी दिवे आणि मोबाइलचा पडदा यांत नेमका तोच प्रकाश भरपूर असतो.

आकडे पाहा. कोजागरीच्या चंद्राचा प्रकाश अर्धा लक्सही भरत नाही. दिवाणखान्यातले दिवे १०० ते ३०० लक्स. सकाळी मोकळ्या आभाळाखाली १०,००० लक्स सहज मिळतात. आपले आजोबा-पणजोबा दिवसा हजारो लक्समध्ये वावरत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात. आपण दिवसा घरात आणि रात्री ट्यूबलाइटखाली. दिवस पुरेसा उजळ नाही आणि रात्र पुरेशी काळी नाही, तर घड्याळाने ओळखायचे कसे?

वयाचाही भाग आहे. उतारवयात मेलाटोनिन कमी बनते. डोळ्याचे भिंग पिवळट होते किंवा मोतीबिंदू येतो, त्यामुळे दिवसाचा निळा प्रकाश आत कमी पोहोचतो. रक्तदाबावरच्या ॲटेनोलॉलसारख्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांनीही रात्रीचे मेलाटोनिन घटते. म्हणून ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण झोपेची तक्रार सांगताना डॉक्टरांना तिचे नाव जरूर सांगायचे.

नातवंडांबद्दलही दोन शब्द. लहान मुलांच्या डोळ्याचे भिंग स्वच्छ असते, त्यामुळे रात्रीचा उजेड त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी मेलाटोनिन मुळातच उशिरा वाढू लागते. उशिरा उठणाऱ्या नातवाला 'आळशी' म्हणताना आम्हीही आता जरा थांबतो. हातातला मोबाइल मात्र अकराला काढून घेतो.

मग गोळीचे काय?

गोळी निरुपयोगी नाही. मुलांकडे अमेरिकेला जाताना घड्याळ उलटेपालटे होते, तेव्हा तिथल्या झोपेच्या वेळी घेतलेले मेलाटोनिन उपयोगी पडते. ज्यांना उजेड मुळीच कळत नाही अशा अंध व्यक्तींचे घड्याळही त्याने ताळ्यावर आणता येते. युरोपात २००७ पासून ५५ वर्षांवरील लोकांच्या निद्रानाशासाठी २ मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी थोड्या काळापुरती देण्याला मान्यता आहे, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीने.

पण अपेक्षा बेताची ठेवावी. २०१३ साली १९ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा झोप सरासरी सातच मिनिटे लवकर लागत असल्याचे दिसले. २०१७ साली कॅनडातील ३१ उत्पादने तपासली, तर कुठे लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी, कुठे ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघाले. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनबरोबर, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा फिट्सची औषधे चालू असताना ते विचारल्याशिवाय घेऊ नये. रात्री गुंगीत उठून तोल गेला तर आपल्या वयात खुब्याचे हाड मोडते, हे वेगळे सांगायला नको.

घरच्या घरी करता येईल असे

सकाळी अर्धा तास उघड्यावर चालावे, गच्चीवर किंवा बागेत. संध्याकाळनंतर पांढऱ्या ट्यूबऐवजी मंद पिवळा दिवा लावावा. झोपण्याआधी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. रात्री बाथरूमला जाण्याच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद दिवा असावा, म्हणजे मोठा दिवा लावावा लागत नाही आणि ठेचही लागत नाही. दुपारनंतर चहा-कॉफी आवरावी. एवढे करूनही महिनाभर झोप नसेल, किंवा घोरताना श्वास अडतो असे घरचे सांगत असतील, तर डॉक्टरांकडे जावे. शेजाऱ्याच्या बाटलीकडे नव्हे.

आमची पुडी आम्ही स्नेह्यांना परत केली. त्यांनीही बाटली घेऊन डॉक्टरांना दाखवायचे कबूल केले आहे. आता मंडळाला एक सूचना. कोजागरीला आपण चंद्र पाहायला जमतो आणि गच्चीवर चार हॅलोजन लावतो. यंदा जिन्यावरचा एक दिवा ठेवून बाकीचे बंद ठेवावेत. दूध चंद्रप्रकाशातही दिसते, आणि घरी गेल्यावर झोपही लवकर लागेल.