जंतूंचा गुणाकार, तपासाचा भागाकार

वर्धा जिल्ह्यात हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यांपासून मेमधल्या लग्नांपर्यंत पंगती उठतात त्या ऐन उन्हाळ्यात. पारा 45 अंशांकडे सरकलेला असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला सगळ्यात मानवणारं तापमान आहे 43 ते 45 अंश. आपण सावली शोधतो, तेव्हा तो जोमात असतो.

हा जंतू मुळात मातीतला. बटाट्याला, मसाल्याला चिकटून येतो. आलूवांग्याची भाजी गंजात खळखळ उकळली तरी त्याचे बीजाणू मरत नाहीत. उलट उकळीने बाकीचे जंतू संपतात, रश्शातली हवा निघून जाते आणि याला तर हवा नकोच असते. झाकलेला मोठा गंज बाहेरून कोमट लागला, तरी मधली भाजी तासन्‌तास ऊबदार राहते. परिस्थिती अगदी अनुकूल असेल, तर दर दहा मिनिटांनी एकाचे दोन. तासाभरात 64, दोन तासांत 4,096, चार तासांत 1,67,77,216. हे सगळे एकाच जंतूपासून! वास येत नाही, चवही बदलत नाही. जेवणानंतर 8 ते 16 तासांनी पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात.

म्हणून तपास करणारा आधी वेळ विचारतो. दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या, तर संशय स्टॅफिलोकॉकसवर, म्हणजे बहुधा कुणाच्या तरी हातावरच्या जखमेवर किंवा फोडावर. त्याचं विष अर्धा तास उकळूनही टिकतं आणि ग्रॅमचा दहा लाखावा भागही पोटात गेला तरी पुरतो. बारा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तापासकट जुलाब लागले, तर साल्मोनेला.

मग येतो भागाकार. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात 1940 च्या एप्रिलमध्ये चर्चच्या जेवणानंतर 75 जणांना विचारलं गेलं. 46 आजारी निघाले. सगळ्यांनी बरंच काही खाल्लं होतं. पण व्हॅनिला आइस्क्रीम खाणाऱ्या 54 पैकी 43 आजारी होते, न खाणाऱ्या 21 पैकी फक्त 3. म्हणजे 80 टक्के विरुद्ध 14 टक्के. वहीतल्या दोन रकान्यांनी आरोपी दाखवला. साथरोगशास्त्र शिकणारे आजही हेच गणित सोडवतात.

पण गणित नेहमीच इतकं सरळ नसतं. जर्मनीत 2011 मध्ये ई. कोलायने 3,800 हून अधिक लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. सुरुवातीला बोट दाखवलं गेलं स्पेनच्या काकड्यांकडे. लोकांना आपण काय मागवलं ते आठवत होतं, ताटात वरून काय भुरभुरलं होतं ते नाही. म्हणून तपासणाऱ्यांनी हॉटेलच्या आचाऱ्यांनाच गाठून प्रत्येक पदार्थात काय काय घातलं ते विचारलं. धागा पोचला मोडांपर्यंत आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत. ती खेप 15,000 किलोंची होती.

हे काम मोठ्या यंत्रांचं कमी आणि दारोदार फिरण्याचं जास्त. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पंधरा दिवस तिथे मुक्काम करते. कुणाच्या घरी किती माणसं, पाणी कुठलं, हे ओसरीवर बसून विचारायला विद्यार्थी तिथेच शिकतात. साथीच्या तपासाला हीच सवय लागते.

एवढं करूनही तपासाला आलेल्या पथकाच्या हाती बरेचदा काही उरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पथक पोचेपर्यंत गंज घासून पालथे घातलेले, उरलेलं अन्न गुरांपुढे. प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवली असती, तरी नमुना मिळाला असता. दवाखान्यात सलाईन लावलेल्यांची यादी लगेच होते. पण पंगतीत बसून धडधाकट राहिलेल्यांना कुणी विचारत नाही. ऑस्वेगोचा निकाल लागला तो आइस्क्रीम न खाल्लेल्या त्या 21 जणांमुळे.