आधी बुलडोझर, मग चौकशी: मालवणच्या निमित्ताने काही गैरसमज

२३ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी दुबईत भारत-पाकिस्तान सामना रंगला होता. त्या रात्री मालवणात एका भंगार व्यावसायिकाच्या अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार पोलिसांत झाली. गुन्हा नोंदला गेला, मुलाला ताब्यात घेतले, त्याच्या आईवडिलांना अटक झाली. दुसऱ्याच दिवशी, २४ तारखेला, नगरपरिषदेने जेसीबी लावून त्या कुटुंबाचे भंगाराचे दुकान भुईसपाट केले. दुकान अनधिकृत होते, असे कारण देण्यात आले. कुडाळचे आमदार नीलेश राणे यांनी समाजमाध्यमावर नगरपरिषदेचे आणि पोलिसांचे आभार मानले आणि या परप्रांतीय भंगारवाल्याला जिल्ह्यातून घालवून देऊ, असेही जाहीर केले.

मुलगा खरोखर काय बोलला, याचा निवाडा त्या दिवशी कोणीही केलेला नव्हता. करायला वेळच मिळाला नाही. तक्रार आणि जेसीबी यांच्यात एक रात्र होती. त्यानंतर मालवणच्या बाजारात, एसटी स्टँडवर आणि मोबाइलवरच्या गटांत जे बोलले गेले, त्यातले बरेचसे कायद्याच्या कसोटीला टिकत नाही. यातली काही वाक्ये चांगल्या, शिकलेल्या, कोणाचे वाईट न चिंतणाऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, म्हणून ती एकेक करून तपासायला हवीत.

‘बांधकाम बेकायदा होते, मग पाडले तर चुकले काय?’

हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज आहे, आणि वरवर पाहता तो पटतोही. अनधिकृत बांधकाम पाडण्याचा अधिकार नगरपरिषदेला नक्की आहे. प्रश्न असतो तो कसे आणि कधी पाडायचे याचा.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे मालवणच्या घटनेच्या जेमतेम साडेतीन महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने याच विषयावर सगळ्या देशाला लागू होणारे निर्देश दिले. पाडकामाआधी लेखी कारणे दाखवा नोटीस द्यायची, तीही नोंदणीकृत टपालाने, आणि तीच बांधकामावर चिकटवायची. उत्तर द्यायला किमान १५ दिवस द्यायचे; स्थानिक कायद्यात त्याहून जास्त मुदत असेल तर ती द्यायची. नोटीस बजावली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने कळवायचे. ही अट मुद्दाम घातली आहे, कारण मागची तारीख टाकून नोटीस दिल्याचे भासवण्याची सवय न्यायालयाच्या लक्षात आली होती. मग प्रत्यक्ष सुनावणी, मग कारणांसह आदेश, आणि पाडणे हाच एकमेव मार्ग का उरला याचा त्यात खुलासा. आदेशानंतर पुन्हा १५ दिवस थांबायचे, म्हणजे माणसाला अपील करता येते किंवा निदान सामान हलवता येते. पाडकामाचे चित्रीकरण करायचे. हे सगळे धाब्यावर बसवले, तर अधिकाऱ्याने भरपाई स्वतःच्या खिशातून द्यायची आणि वर न्यायालयाच्या अवमानाला सामोरे जायचे.

या निर्देशांना अपवादही आहेत. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा पाणवठा अशा सार्वजनिक ठिकाणचे अतिक्रमण, किंवा न्यायालयानेच पाडायला सांगितलेले बांधकाम, यांना हे निर्देश लागू नाहीत. पण एखादे दुकान या अपवादात बसते की नाही, हेही कागदावर आणि सुनावणीत ठरायला हवे.

निकालाचा गाभा मात्र या दिवसांच्या हिशेबापलीकडचा आहे. शेजारची तशीच बांधकामे वर्षानुवर्षे उभी राहतात आणि एकच दुकान मालकाच्या घरातल्या कोणावर गुन्हा नोंदला गेल्याबरोबर पडते, तेव्हा ती नगररचनेची कारवाई उरत नाही, ती शिक्षा होते. आणि शिक्षा देण्याचे काम राज्यघटनेने नगरपरिषदेला किंवा पोलिसांना दिलेले नाही. आरोपीच काय, दोषी ठरलेल्या माणसाचे घरसुद्धा त्या कारणासाठी पाडता येत नाही, कारण त्या छपराखाली गुन्ह्याशी काडीचाही संबंध नसलेली माणसे राहत असतात.

मालवणच्या पाडकामाविरुद्ध अवमान याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०२५ रोजी न्या. गवई व न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने नोटीस काढली. नोटीस म्हणजे निकाल नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण त्याच दिवशी नागपुरात काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. तिथल्या दंगलीतल्या एका आरोपीच्या कुटुंबाचे घर महापालिकेने सकाळी पाडले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाईला स्थगिती दिली. पुढे नागपूरच्या महापालिका आयुक्तांनी बिनशर्त माफी मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांची आपल्याला कल्पना नव्हती, असे सांगितले. देशभर गाजलेला निकाल राज्याच्या उपराजधानीत चार महिने पोहोचत नसेल, तर लहान नगरपरिषदांतल्या कर्मचाऱ्यांना तो कोणी समजावला असेल, हा प्रश्न मला छळतो.

‘तो भायलो, तेका कसले हक्क?’

मालवणीत हे वाक्य सहज बोलले जाते. राज्यघटनेचे उत्तर स्पष्ट आहे. कायद्यापुढे समानता देणारे कलम १४, जीवित आणि स्वातंत्र्याचे रक्षण करणारे कलम २१ आणि अटकेबाबत संरक्षण देणारे कलम २२ ही ‘व्यक्ती’साठी आहेत, परदेशी पाहुण्यालासुद्धा ती लागू होतात. कलम १९ नागरिकांसाठी आहे, आणि त्यात भारतात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क येतो. याच हक्काच्या बळावर मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचे चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या गिरगाव-लालबागच्या खोल्यांत राहिले आणि आज पुण्यात, बंगळुरात, दिल्लीत राहतात. तो हक्क आपल्या पोरांना हवा आणि भंगारवाल्याला नको, असे म्हणता येत नाही.

एखाद्याला जिल्ह्याबाहेर घालवायचेच असेल तर त्याला तडीपारी म्हणतात, आणि ती महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ खाली नोटीस देऊन, म्हणणे ऐकून, ठरावीक मुदतीपुरतीच, जास्तीत जास्त दोन वर्षे करता येते. जालन्याच्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो सर्रास वापरता येणार नाही, असे बजावले. लोकप्रतिनिधीने जाहीर केल्याने कोणी तडीपार होत नाही.

‘पोलिसांनी उचलल्यानी म्हणजे कायतरी केल्यान असतला’

अटक म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्याची पावती, ही समजूत फार खोल रुजली आहे. मालवणच्या प्रकरणात भारतीय न्याय संहितेची कलमे १९६ आणि १९७ लावल्याचे प्रसिद्ध झाले. या कलमांतली नेहमीची शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा अपवाद असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि अटक करायचीच असेल तर ती का गरजेची आहे हे पोलिसांनी लिहून ठेवायचे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४१ आणि ४१-अ होते, आणि २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने त्याला धार दिली. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले.

ज्यांना हे नियम फक्त ‘त्यांच्या’ सोयीचे वाटतात, त्यांनी २४ ऑगस्ट २०२१ आठवावा. तेव्हाचे केंद्रीय मंत्री आणि सिंधुदुर्गातले सर्वांत मोठे राजकीय नाव, नारायण राणे, यांना मुख्यमंत्र्यांविषयीच्या एका विधानावरून संगमेश्वरात अटक झाली आणि त्याच रात्री महाडच्या न्यायालयाने जामीन दिला. नोटीस न देताच अटक केली, हा मुद्दा तेव्हा त्यांच्या वकिलांनी मांडला होता. मुद्दा योग्यच होता. पुढच्या वर्षी अभिनेत्री केतकी चितळे यांना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली आणि महिन्याहून जास्त काळ कोठडीत राहावे लागले. तेव्हा राज्यात सरकार वेगळ्या पक्षांचे होते. पोलिसांचा दंडुका कोणाच्या हाती आहे हे दर निवडणुकीला बदलते. म्हणून नियम माणूस पाहून बदलून चालत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये, वरळीच्या एका अपघात प्रकरणातून गेलेल्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मोठी गोष्ट ठरवली: कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे तर घटनेतच आहे. नातेवाइकाला कळवणे, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणे, हे सगळे कायद्यात आहे.

अल्पवयीन मुलाची गोष्ट आणखी वेगळी. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम १० नुसार त्याला कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते.

‘पोलिसांनी बोलावल्यानी, जावक व्हया’

तोंडी निरोपावर धावत जाण्याची सक्ती नाही. साक्षीसाठी बोलावायचे तर लेखी आदेश लागतो, आणि स्त्रिया, १५ वर्षांखालची मुले, साठीपुढचे पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात बोलावताच येत नाही; त्यांचा जबाब घरी येऊन घ्यायचा (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९). सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर दंडाधिकाऱ्यांची परवानगी आणि महिला अधिकारी दोन्ही हवीत. आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. ‘कबूल कर, सुटशील’ या वाक्याला कायद्यात काहीही आधार नाही.

‘सरळ माणसाक भिती कसली?’

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांनी लुटीच्या संशयावरून एका तरुणाला पकडले. कोठडीतल्या मारहाणीत तो मेला. आरोपी पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले, आणि मृतदेह गाडीत घालून आपल्याच आंबोलीच्या जंगलात आणून जाळला. लोक पावसाळ्यात धबधबे पाहायला जातात, ती ही आंबोली. पोलीस बडतर्फ झाले, त्यांच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. तीन वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण जपून ठेवण्याचा आदेश दिला. तो तरुण संशयित होता, एवढ्यावरून त्याचा जीव स्वस्त होत नव्हता.

आणि संशयित कोणीही असू शकतो. २६ जून १९७५ रोजी बंगळुरात ज्यांना स्थानबद्ध केले, त्यांत मधू दंडवते होते. ते तेव्हा राजापूरचे खासदार होते, म्हणजे मालवणचेही. प्राध्यापक, गोवा मुक्तिसंग्रामातले सत्याग्रही, ज्यांच्याविषयी विरोधकही आदराने बोलत. लालकृष्ण अडवाणी यांच्याबरोबर त्यांनीही कर्नाटक उच्च न्यायालयात सुटकेसाठी याचिका केली. अशा सगळ्या याचिकांवर २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले, की आणीबाणीत बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. जे लोक हक्कांना ‘गुन्हेगारांचे लाड’ म्हणतात, त्यांना मी हेच विचारते: दंडवत्यांनी कोणता गुन्हा केला होता? १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही निलंबित होणार नाहीत अशी तजवीज झाली, आणि २०१७ मध्ये तो निकाल न्यायालयाने स्वतःच रद्द ठरवला. आज भंगारवाल्याला जे कलम २१ लागू होते, ते दंडवत्यांसारख्यांच्या तुरुंगवासातून भक्कम झालेले आहे.

‘पण मुंबईचे कोर्ट कोणाला परवडणार?’

ही तक्रार इतकी वर्षे खरी होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी त्याच्या कक्षेत आहेत. घाट चढून सकाळी गेलेला माणूस रात्री घरी येऊ शकतो. ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतला कोणीही, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे. तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. नोटीस आली तर पाकीट फेकू नका, त्यावरची टपालाच्या शिक्क्याची तारीख जपा. बांधकामावर काही चिकटवले असेल तर फोटो काढून ठेवा. पंधरा दिवसांची मोजणी नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून सुरू होते.