नळी ठणठणीत हवी!

ठासणीच्या बंदुकीची नळी कशी पारखावी, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला कुणी विचारील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण कोकणातले माझे मामा दिवाळीला विठ्ठलवाडीस आले, ते हाच प्रश्न घेऊन! रानडुकरे भातात शिरतात, म्हणून पीकरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडे अशी एक बंदूक आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात या कामासाठी ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेखच आहे. मामा बार काढतात तो हवेत, डुकरे पिटाळण्यापुरता. पण तिची नळी गंजून गेली होती.

"मामा, 'फुसका बार' आणि 'ठासून सांगणे', एवढीच माझी बंदुकीशी ओळख," मी म्हटले, "आपण अण्णांना विचारू."

अण्णा आमचे शेजारी. दोन स्टेशने पुढे अंबरनाथ. तिथल्या शस्त्रसामग्रीच्या कारखान्यात त्यांची उभी हयात लेथवर गेली. आम्ही तिघे परवानाधारक विक्रेत्याकडे गेलो. त्याने दोन नळ्या पुढे ठेवल्या. एक साधी, काळी. दुसरीच्या अंगावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. मामा तिच्यावरच भाळले!

"लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून जोडल्या की ही नक्षी उठते," अण्णा म्हणाले. "दिसते देखणी, पण सांध्यात गंज शिरला तर बाहेरून कळत नाही."

मग त्यांनी नळी दोरीला टांगून हलका टोला दिला. आवाज बद्द आला. काळी नळी मात्र घंटेसारखी ठणठणली. "पण एवढ्यावर भुलायचे नाही!" म्हणत त्यांनी ती उजेडाकडे धरली. आत उजेडाची वर्तुळे एकात एक, न मोडता दिसली पाहिजेत. वर्तुळ तुटले की नळी वाकडी किंवा फुगलेली. बाहेरून बोट फिरवले, कुठे कडे उठले आहे का ते पाहायला. ठासताना गोळी दारूपर्यंत न जाता अध्येमध्ये राहिली, की तिथे नळी फुगते. गजाला फडके बांधून आत फिरवले; ते कुठे अडकले नाही, म्हणजे खड्डे नाहीत. शेवटी बूड पाहिले. दाब सर्वांत जास्त तिथे, म्हणून भिंत तिथेच जाड हवी, बुचीचे आटे घट्ट हवेत आणि चाचणीचा शिक्काही हवा.

"रायफलीची घ्यावी का?" मामांनी विचारले.

"तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळी गरगरत जाते, म्हणून नेम लांबवर टिकतो. तुम्हांला बार हवेत काढायचा. तुम्हांला गुळगुळीत नळीच बरी."

मला इतिहास आठवला. 1853 च्या एन्फील्ड रायफलीची नळी 39 इंचांची, आत तीन खाचा. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. खाचांची नळी गोऱ्या सोजिरांपाशी राहिली! नळीच्या आत काय आहे, यावर राज्यकर्त्यांचा विश्वास-अविश्वास ठरत होता.

"आणि दारू काळीच," अण्णांनी बजावले. "सोरा, गंधक, कोळशाची. काडतुसातली बिनधुराची दारू यात कधीही घालू नका. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावा. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते. तुमच्या कोकणात तर विचारूच नका."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. तर्जनीचे पहिले पेर नव्हते. लहानपणापासून तो हात मी पाहत आलो, पण विचारायचे कधी सुचले नाही.

"उसनी बंदूक होती," ते म्हणाले. "नळी बाहेरून चकचकीत होती. आता नातू शेतात माझ्या शेजारी उभा असतो. माझ्या भातापेक्षा त्याची बोटे महाग."

मामांनी काळी नळी घेतली. नोंदीचे सोपस्कार पुरे होईपर्यंत ती दुकानातच राहिली. परतताना गाडीत मामांनी नक्षीचा विषयही काढला नाही.