जबडा ‘कट्कट्’ वाजतो?

जांभई देताना किंवा मोठा घास घेताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज होतो, हा अनुभव आपल्यापैकी कित्येकींना असेल. पण जबडा दुखतो, तोंड नीट उघडत नाही आणि एक्स-रे चांगला आला, की घरची माणसं म्हणतात, “काही नाही, मनाचे खेळ!” मग बाई बिचारी गप्प बसते.

कानाच्या अगदी पुढे खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या खोबणीत बसतं. दोन्ही हाडांमध्ये एक छोटी चकती असते. मध्ये पातळ, कडांना जाड; घागरीखालची चुंबळच म्हणा ना! ही चुंबळ बहुधा पुढे सरकते. तोंड उघडताना ती जागेवर आली की ‘कट्’ वाजतं. आलीच नाही, तर तोंड अडतं.

साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, चकती दिसत नाही. हाडाचा आकार व झीज बारकाईने पाहायला सीटी स्कॅन, तर चकतीसाठी एमआरआय. तो तोंड मिटून आणि उघडून, असा दोन्ही स्थितींत काढतात. त्यात क्ष-किरण नसतात.

मात्र नुसताच आवाज येत असेल, दुखत नसेल, तर स्कॅनच्या खर्चात पडू नका. काही त्रास नसलेल्यांतही सुमारे तिघांत एकाची चकती सरकलेली आढळते. दुखत असेल, तोंडात आपली तीन बोटं उभी मावत नसतील, तर दंतवैद्यांना दाखवा. तोवर मऊ खिचडी खा, गरम कपड्याने शेका. सुपारी आणि कडक चकल्या बंद! आणि एक्स-रे चांगला आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, हे घरच्यांनाही सांगा.