रेडिओचें विमान आणि त्याची वीज

मोकळ्या मैदानावर एक मनुष्य हातांत लहानशी पेटी घेऊन उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर दीड-दोनशें हातांवरून एक विमान गिरक्या घेत असतें. त्या विमानांत माणूस नसतो. पेटीवरील दांड्या जशा हलतील तसें तें वळतें, चढतें आणि उतरतें. पाहणाऱ्यास वाटतें कीं, या खेळाचें सारें मर्म अदृश्य रेडिओलहरींत आहे. तें खरें आहे, पण अर्धेंच. लहरी कितीहि निर्दोष असल्या, तरी विमानांतील ग्राहकयंत्रास क्षणभर वीज मिळाली नाहीं, तर त्या लहरी ऐकण्यास तेथें कोणीच उरत नाहीं.

ही विद्या आजकालची नव्हे. सन १८९८ मध्यें निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें रेडिओच्या आज्ञेनें चालणारी लहान नौका लोकांस दाखविली. पुढें अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं सन १९३७ मध्यें आपलें ‘गफ’ नांवाचें विमान उडविलें. त्याच्या पंखांचा विस्तार ८ फूट होता. आज तें स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. त्या काळच्या ग्राहकयंत्रांत व्हॉल्व्ह असत आणि त्यांतील तार तापविण्यास एक व पट्टिकेस उच्च दाब पुरविण्यास दुसरी अशा दोन प्रकारच्या बॅटऱ्या लागत. तो भार वाहावयाचा म्हणून विमानहि मोठें करावें लागे. आज ग्राहकयंत्र आगपेटीएवढें झालें आहे. पण मोठ्या विमानांची हौस कायम आहे. पंखांचा विस्तार ८० इंच, आणि पंख दुमजली असल्यास ६० इंच, भरला कीं अमेरिकेंतील हौशी मंडळी त्यास मोठ्यांच्या पंक्तींत बसवितात. यांतील कित्येकांचें वजन दहा किलोग्रॅमहून अधिक भरतें. असें विमान बेताल होऊन माणसांत कोसळलें, तर त्यास खेळणें म्हणण्याचें धैर्य कोणास होणार नाहीं.

विमानाचें सुकाणूं, पंखांच्या झडपा, शेपटीवरील पातीं हीं सारीं ‘सर्व्हो’ नांवाच्या छोट्या मोटारी हलवितात. प्रत्येक सर्व्होस तीन तारा असतात. एकींतून आज्ञा येते, उरलेल्या दोहोंतून वीज. लहान विमानांत चार सर्व्हो पुरतात, मोठ्यांत आठ-दहा लागतात. बलवान सर्व्हो वाऱ्याच्या जोरापुढें अडला, कीं एकटाच तीन-चार अँपिअर प्रवाह ओढतो. वेगानें जाणाऱ्या विमानास एकाएकी गिरकी दिली, तर सर्वांची मिळून दहा अँपिअरची मागणी क्षणांत उभी राहते. उलट ग्राहकयंत्राच्या नेहमींच्या प्लगाची बारीक टोंकें सुमारें तीन अँपिअर प्रवाहच अखंड वाहूं शकतात. अरुंद दारांतून जत्रा बाहेर काढावी, तसा हा प्रकार होतो.

याचा परिणाम ओहमच्या नियमानें मोजतां येतो. प्रवाहास रोधानें गुणलें, म्हणजे वाटेंत किती दाब खर्ची पडला तें कळतें. बॅटरीपासून ग्राहकयंत्रापर्यंत अर्धा मीटर अंतर आहे असें समजूं. जाण्यायेण्याची मिळून एक मीटर तार झाली. ती नेहमींची बारीक, म्हणजे ०.३३ चौरस मिलीमीटर छेदाची असेल, तर तिचा रोध सुमारें ०.०५ ओहम भरतो. दहा अँपिअर वाहतांना तिच्यांतच अर्धा व्होल्ट संपतो. स्विच व प्लग यांच्या स्पर्शांचा रोध मिळून ०.१ ओहम धरला, तर आणखी एक व्होल्ट गेला. चार निकेल-घटांची बॅटरी ४.८ व्होल्टची, ग्राहकयंत्राच्या हातीं राहिले ३.३ व्होल्ट. बॅटरी उत्तम आहे, भरलेली आहे. तरीहि तिच्या दारीं आलेला याचक उपाशी आहे.

जुन्या यंत्रांस अशी क्षणिक उपासमार बहुधा सोसत असे. सन २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींवर चालणारीं यंत्रें प्रचारांत आलीं. त्यांच्या अंतर्यामीं एक इवलेंसें गणकयंत्र असतें. यांतील पुष्कळांस किमान ३.५ व्होल्ट दाब लागतो. तो त्याखालीं गेला, कीं तें गणकयंत्र बंद पडतें व आपलें काम पहिल्यापासून आरंभतें. प्रारंभींच्या कांहीं यंत्रांस पुन्हा सावध होण्यास कित्येक सेकंद लागत. ताशीं शंभर किलोमीटर वेगाचें विमान एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जातें. तेवढ्या अवधींत तें कोणाचेंच नसतें.

म्हणून जाणते कारागीर प्रथम वाट सुधारतात. तार जाड आणि आंखूड घ्यावी. वरील उदाहरणांत १.३ चौरस मिलीमीटर छेदाची तार घातली, तर तिच्यांतील खर्च अर्ध्या व्होल्टवरून सुमारें ०.१३ व्होल्टवर येतो. तार अनेक बारीक धाग्यांची असावी, कारण इंजिनाच्या थरथरीनें एकेरी तार मोडते. डाख दिलेल्या जागेपाशीं ती लोंबकळूं देऊं नये. फार मोठ्या विमानांत बॅटरीची वीज जाड पट्ट्यांच्या एका वांटणी-पेटींतून थेट सर्व्होंकडे नेतात; ग्राहकयंत्र केवळ आज्ञा देतें, धान्याचें कोठार सांभाळीत नाहीं. घरांत प्रवाह अधिक झाला कीं वीज तोडणारा फ्यूज आपण बसवितों. येथें तो सहसा बसवीत नाहींत, कारण येथें वीज तुटणें हेंच मोठें संकट आहे. याच विचारानें असे स्विच निघाले आहेत, कीं त्यांची कळ मोडली तरी प्रवाह चालूच राहावा. पेट्रोल-इंजिनाच्या ठिणगीसाठीं लागणारी बॅटरी मात्र निराळी व दूर ठेवतात, नाहीं तर ठिणगीचा गोंगाट ग्राहकयंत्राच्या कानीं पडतो.

दुसरा उपाय म्हणजे दोन बॅटऱ्या. पण दोन बॅटऱ्या एकाच स्विचांतून व एकाच प्लगांतून नेल्या, तर वाट एकच राहिली. ती तुटली कीं दोन्हीहि व्यर्थ. बॅटरी, स्विच, तार, प्लग अशी प्रत्येक बाजू अखेरपर्यंत स्वतंत्र हवी. दोन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या व सारख्या भारलेल्या असाव्या. एकींतील घट आंतून जोडला जाऊन निकामी झाला, तर ती दुसरीचीहि वीज पिऊं लागते. तें टाळण्यास डायोडची एकदिशा झडप घालतात. मात्र साधा सिलिकॉन डायोड सुमारें ०.७ व्होल्ट करभार घेतो, तो हिशेबांत धरावा लागतो.

येथें एक सूक्ष्म धोका आहे. एकच बॅटरी असली तर तिची तार निखळतांच विमान जमिनीवरच निश्चेष्ट होतें आणि दोष उघड होतो. दोन असल्या म्हणजे एक बाजू मेली तरी दुसरी मुकाट्यानें काम रेटते. विमान उडतें, उतरतें, वाहवा होते. आणि मालक समजत असतो कीं, आपण दोन दोरांनीं बांधलेले आहों. वस्तुतः एक दोर केव्हांच तुटलेला असतो. दुहेरी व्यवस्था अपघात टाळते, त्याचबरोबर दोषहि झांकते.

यावर उपाय अगदीं साधा आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वीं पहिला स्विच एकटा चालू करावा, सर्व दांड्या एकदम जोरानें हलवाव्या आणि त्या भाराखालीं दाब किती राहतो तें मोजावें. मग तो बंद करून दुसऱ्याची तशीच परीक्षा घ्यावी. दोन्ही बाजू एकेकट्या उभ्या राहिल्या, तरच दोन्ही मिळून आकाशांत न्याव्या. या परीक्षेस दोन मिनिटेंहि लागत नाहींत. आणि मैदानाच्या कडेला उभीं राहून कौतुकानें वर पाहणारीं मुलेंमाणसें त्याच दोन मिनिटांच्या भरंवशावर तेथें उभीं असतात.