रंगाचे हात दोन की तीन?

गणपती तोंडावर आले की कर्जत-खालापुरात रंगाऱ्यांना उसंत नसते. २०२५ मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे भर पावसाळ्यात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. विटांच्या भिंती तेव्हा ओल धरून असतात, आणि तरी घासाघीस चालते ती एकाच गोष्टीवर: रंगाचे हात दोन मारायचे की तीन?

जितके हात जास्त तितका रंग टिकाऊ, हा पहिला गैरसमज. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत इमल्शनसाठी नव्या भिंतीवर ‘दोन किंवा अधिक’, तर जुन्या भिंतीवर ‘एक किंवा अधिक’ हात धरलेले आहेत. अट एवढीच, की छटा सगळीकडे सारखी यावी. जुना रंग घट्ट बसलेला असेल आणि नवी छटा त्याच्या जवळची असेल, तर भिंत घासून, पुसून घेतल्यावर एक हातही पुरतो. गडद निळ्यावर पांढरा आणायचा असेल तर मात्र तिसऱ्याची तयारी ठेवावी. भडक लाल-पिवळ्यालाही तो लागतो, कारण खालचा रंग झाकणारे टायटॅनियम डायऑक्साइड या छटांत कमी असते.

एकच हात जाडसर मारून दोन्हींचे काम होत नाही. वरचा थर आधी सुकतो, आतले पाणी अडकते, मग ओघळ आणि भेगा दिसू लागतात. डब्यावर दोन हातांमध्ये चारेक तास थांबायला सांगितलेले असते, पण ते कोरड्या हवेचे गणित. श्रावणातल्या दमट हवेत रात्रभर थांबणेच बरे.

प्रायमर वाचवून त्या पैशात रंगाचा आणखी एक हात मारणे हा तोट्याचा सौदा आहे. पुट्टी पहिला हात शोषून घेते आणि भिंतीवर डाग-डाग दिसतात. नवे प्लास्टर तर क्षारयुक्त असते; त्याला २८ दिवस तरी द्यावेत, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे रंगाने ओल झाकते. जोत्यातून चढणारे किंवा मोरीच्या भिंतीतून झिरपणारे पाणी विटांतले क्षार सोबत आणते. ते रंगाखाली स्फटिक होऊन फुगतात, लोणा धरतो, पोपडे सुटतात. इथे पाच हातही व्यर्थ. आधी गळती शोधून बंद करावी लागते.

ओल तपासणे सोपे आहे. दीड फूट चौरसाचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. आतून पाणी धरले, तर त्या भिंतीचा रंग डिसेंबरवर टाकावा. गणपतीपुरती भिंत स्वच्छ पुसून घेतली तरी चालते. आणि रंगाऱ्याकडून अंदाज घेताना घासकाम, पुट्टी, प्रायमर आणि रंग यांचे हात वेगवेगळे लिहून मागावेत.