एक कळ, तीन अक्षरं

दुबईत नोकरीला आलेल्या मराठी माणसाला अरबी लिपी आधी रस्त्यावरच्या पाट्यांवर दिसते आणि मग ती थेट बोटांखाली येते. ऑफिसातल्या कळफलकाच्या जवळजवळ प्रत्येक कळीवर दोन अक्षरं असतात, एक इंग्रजी आणि एक अरबी. सुरुवातीला त्या अरबीकडे नक्षी म्हणूनच पाहिलं जातं. मग एका सकाळी पासवर्ड बरोबर टाकूनही संगणक तो चुकीचा ठरवतो. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. शेवटी शेजारचा केरळी सहकारी वाकून पाहतो, आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबतो आणि म्हणतो, आता टाका. चुकून भाषा अरबी झालेली असते आणि पासवर्डच्या ठिपक्यांमागे भलतीच अक्षरं उमटत असतात. आखातातल्या कुठल्याही ऑफिसात हा प्रकार नवा नाही.

याचं कारण असं की कळीवर छापलेलं अक्षर कळीतून निघतच नाही. कळफलकाच्या पोटात उभ्या-आडव्या तारांची जाळी असते. कळ दाबली की जाळीतला एक सांधा जुळतो. आत बसवलेली छोटी चिप सेकंदाला शेकडो वेळा ही जाळी तपासत असते; कुठला सांधा जुळला ते ती ओळखते आणि संगणकाकडे फक्त एक आकडा धाडते. यूएसबीच्या नियमानुसार ‘के’च्या कळीचा आकडा १४. त्या १४चं काय करायचं हे संगणक ठरवतो. भाषा इंग्रजी असेल तर ‘के’, अरबी असेल तर ‘नून’, आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक सुरू असेल तर ‘क’. के आणि क यांची गाठ पडली हा निव्वळ योगायोग. शेजारच्या ‘एल’वर ‘त’ बसलेला आहे.

म्हणून दुबईत मराठी अक्षरं छापलेला कळफलक शोधत फिरायचं कारण नाही. बर दुबईत खालिद बिन वलीद रस्त्याच्या परिसराला ‘कम्प्युटर स्ट्रीट’ म्हणून ओळखतात. तिथल्या दुकानांत आणि जवळच्या अल ऐन सेंटरमध्ये हवे तितके कळफलक मिळतील, पण मराठी तुमच्या संगणकात आधीच झोपलेली आहे. विंडोजच्या भाषांच्या यादीत जाऊन तिला जागं करायचं, एवढंच. इनस्क्रिप्ट येत नसेल तर २०१९पासून विंडोजमध्ये मराठीसाठी उच्चारानुसार टाइप करायचीही सोय आहे.

इनस्क्रिप्टची रचना भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवली आणि दोन वर्षांनी ती सुधारली. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच. महाप्राण हवा तर शिफ्ट दाबायची. बाराखडी शिकलेल्या माणसाला ही मांडणी चार-आठ दिवसांत हाताशी येते. भारतीय लिप्यांची वर्णमाला एकाच वळणाची असल्यामुळे ही रचना सगळ्यांना सामाईक ठेवली आहे. म्हणजे त्या केरळी सहकाऱ्याचा मल्याळी ‘क’सुद्धा त्याच १४ नंबरच्या कळीवर सापडतो. इतकी सोयीची व्यवस्था असूनही आपल्याकडे बहुतेकांना ती माहीतच नाही, आणि मराठी मंडळाच्या गणपतीची आमंत्रणं रोमन लिपीतल्या मराठीत फिरतात, याचं मला वाईट वाटतं. अरबांचंही तसंच झालं म्हणा. जुन्या मोबाइलवर अरबी नव्हती तेव्हा तिथल्या तरुणांनी रोमन अक्षरांत अरबी लिहायला सुरुवात केली आणि रोमनमध्ये नसलेल्या आवाजांसाठी आकडे वापरले: ‘ऐन’साठी ३, घशातल्या ‘ह’साठी ७. ती सवय अजून गेलेली नाही.

अरबी आणि मराठी या दोघींची कळफलकावरची अडचण मात्र एकच. इंग्रजीची अक्षरं २६, अरबीची २८. त्यामुळे अरबीने कंस, अर्धविराम, स्वल्पविराम यांच्या कळीही बळकावल्या. मराठीनेही तेच केलं. अर्धविरामाच्या कळीवर ‘च’ आहे, तिरक्या रेघेच्या कळीवर ‘य’. खरी गंमत अक्षरांच्या रूपांची आहे. अरबी अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळं दिसतं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं आणि सुटं असलं की आणखी वेगळं. टाइपरायटरच्या जमान्यात वेगळ्या रूपांना वेगळ्या कळी द्याव्या लागत. मराठी टाइपरायटरवरही अर्ध्या अक्षरांच्या निराळ्या कळी होत्या. मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या पिढीच्या बोटांत त्या अजून असतील. संगणकाने हे ओझं कळीवरून काढून स्वतःकडे घेतलं. आपण फक्त अक्षर सांगायचं, रूप तो निवडतो. अरबी कळफलकावर ‘बी’च्या कळीवर ‘लाम-अलिफ’ ही जोडी आहे: कळ एक, अक्षरं दोन. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून ५ दाबलं की ‘ज्ञ’ येतो. कळ एकदाच दाबलेली असते, पण संगणक ज, हलन्त आणि ञ अशा तीन खुणा नोंदवून घेतो.

अरबी टायपिंग सराईतपणे करणारे हात पाहायचे असतील तर अमिरातीत टायपिंग सेंटर गाठावं. देशाची अधिकृत भाषा अरबी आणि कामगार जगभरचे; त्यामुळे व्हिसाचे, परवान्यांचे अर्ज अरबीत भरून देणारी ही दुकानं इथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. दुबईत आता व्हिसाची बरीच कामं ‘आमेर’ केंद्रांत आणि कामगार खात्याची ‘तसहील’ केंद्रांत होतात, पण टेबलामागचं दृश्य तेच आहे. टाइप करणारा बहुधा मल्याळी. त्याची नजर तुमच्या पासपोर्टवर असते, बोटं अरबीत चालतात, आणि तुमचं आडनाव अरबीत कसं लिहायचं याचा निर्णय तो क्षणात घेतो. अरबीत ‘प’ नाही, ‘ळ’ तर नाहीच. पाटलांचं तिथे ‘बातील’ होतं.

आता कळफलकाच्या देहाबद्दल. इंग्रजी अक्षरांची क्वर्टी मांडणी अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स यांची. त्यांचा टाइपरायटर रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणला. टाइप करणाऱ्याचा वेग कमी करण्यासाठी ही मांडणी मुद्दाम अवघड केली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. अभ्यासकांचं तिच्याबद्दल एकमत नाही, आणि मलाही ती पटत नाही. कळीच्या आतली यंत्रणा मात्र तीन-चार प्रकारचीच. स्वस्त कळफलकात रबराचा घुमट असतो. तो दबतो आणि खालच्या पातळ पडद्यांवरचे सांधे जुळतात. लॅपटॉपमध्ये कळीखाली कात्रीसारख्या दोन पट्ट्या असतात, म्हणून कळ बुटकी राहते. मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक कळीला स्वतःचं स्प्रिंगवालं बटण असतं. त्यात जर्मनीच्या चेरी कंपनीची एमएक्स बटणं प्रसिद्ध: निळं टकटक वाजतं, तपकिरी बोटाला हलकी अडखळण देतं, लाल सरळ खाली जातं. ऑफिसात निळं नेऊ नका. शेजारी बोलणं टाकतील. गेम खेळणाऱ्यांमध्ये हल्ली चुंबकाने चालणाऱ्या बटणांची चलती आहे.

अमिरातीतल्या धुळीत मेकॅनिकलचा एक फायदा होतो. कळीवरच्या टोप्या एकेक काढून खालची वाळू झटकता येते, आणि एखादं बटण बिघडलं तर तेवढंच बदलता येतं. रबरी कळफलक बिघडला की बहुधा फेकावाच लागतो. हिशेबाचं काम करणाऱ्यांनी दिसायला सुबक म्हणून आखूड कळफलक घेऊ नये. उजवीकडचे आकडे गेले की दिवसभर चडफड होते. आणखी एक पाहून घ्यावं. दुबईच्या बाजारात अमेरिकी आणि ब्रिटिश असे दोन्ही घाट मिळतात. ब्रिटिश कळफलकावर ईमेलमधलं ‘ॲट’चं चिन्ह २च्या कळीवर नसतं, तिथे दुहेरी अवतरणचिन्ह असतं आणि ‘ॲट’ उजवीकडे एंटरजवळ. एंटरची कळ उभी आणि दोन ओळी व्यापणारी असेल तर घाट बहुधा ब्रिटिश समजावा.

छापील अक्षरांवर अवलंबून राहिलं की नव्या खुणांच्या वेळी पंचाईत होते. अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२५मध्ये दिरहमचं नवं चिन्ह जाहीर केलं: इंग्रजी ‘डी’ आणि त्यावर झेंड्यावरून सुचलेल्या दोन आडव्या रेघा. त्याआधी विकल्या गेलेल्या कळफलकांवर ते असणं शक्यच नाही. संगणकाला ते शिकवलं की जुन्या कळीतूनही उमटेल. रुपया या वाटेने आधीच गेला आहे. त्याचं चिन्ह जुलै २०१०मध्ये ठरलं. दुबईच्या कळफलकावर ४च्या डोक्यावर फक्त डॉलर दिसतो, पण विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा, उजवीकडची आल्ट धरा आणि तेच ४ दाबा. ₹ उमटतो.